पाहुण्यांच्या खुर्च्या

उभी हयात मी बसमध्ये कंडक्टरकी केली. लोकांचा घाम, पोरांच्या ओकाऱ्या, सीटखाली दडवलेली घाण, सगळं या हातांनी निस्तरलंय. मला उठसूट किळस येत नाही. पण त्या सरकारी दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात पाऊल टाकलं आणि पोटातलं सगळं घशाशी आलं.

एका खाटेवर दोन बायका. एकीचे पाय दुसरीच्या तोंडाशी आणि मधल्या फटीत दोन बाळं. गादीचं रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आलेला, त्यावर कुणाकुणाच्या बाळंतपणाचे डाग. धुऊनही गेले नव्हते. धुतले असतील तर. संडासाच्या दाराला कडी नाही, म्हणून एकीने आत जायचं तर दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. आत तुंबलेलं पाणी घोट्याला लागायचं, त्यात रक्ताचे बोळे तरंगायचे, आणि टाके घातलेल्या बाईने तिथे उकिडवं बसायचं. शी! वर एक बोका. चांगला गलेलठ्ठ, खाटांखालून मालकासारखा हिंडायचा. एवढं बाळसं त्याला काय खाऊन आलं होतं, ते मी मनातसुद्धा आणत नव्हते.

माझ्या सुनेचे दिवस भरले नव्हते. ब्लडप्रेशर एकदम चढलं म्हणून पोट फाडून बाळ काढावं लागलं. मुलगी झाली. केवढी? माझ्या तिकिटांच्या पेटीत पाय पसरून निजली असती एवढी. माझ्या मुलाने फाटकातून फोनवरचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "आई, ही तर मुंगी आहे गं." तेव्हापासून ती मुंगीच. मुलाला आत सोडत नव्हते. पुरुष आले की जंतू येतात म्हणे. बोक्याचे येत नसावेत.

वॉर्डातली एक डॉक्टर मात्र बरी होती. अंगाने काडीसारखी, वयाने माझ्या लेकीएवढी शोभेल, मी तिला बारकी म्हणायचे. तिने मला बाजूला घेतलं.

"आजी, हिला ऊब हवी. नाहीतर जीव धरून राहणं तिला जमायचं नाही. वॉर्मर तीन आहेत, त्यातले दोन बंद."

वॉर्मर म्हणजे वरून ऊब सोडणारं पाळण्यासारखं यंत्र. चालू होतं त्यात आधीच चार बाळं भाजीच्या जुड्यांसारखी ओळीने लावलेली होती.

"मग आता?" मी विचारलं.

"मग माणसाची छाती. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालायची, उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून शाल. कांगारूसारखं. आई करते तसं आजीने केलं तरी चालतं. तळपाय बघत राहा. गार लागले की मला हाक मारा, वाट बघू नका. आणि लंगोट ओला होतोय ना, तेही बघा. लघवी होतेय म्हणजे दूध अंगी लागतंय."

सुनेच्या टाक्यांत पू झाला होता. तापाने ती फणफणत होती. बँडेज कधी बदलणार म्हणून विचारलं की आया म्हणायची, सिस्टरला विचारा, आणि सिस्टर म्हणायची, आयाला सांगितलंय. पोरगी त्यातही दूध पिळून वाटीत काढून द्यायची आणि मी चमच्याने मुंगीला पाजायचे. बाकी सगळा वेळ मुंगी माझ्या छातीवर. माझी छाती म्हणजे आता काय, दोन रिकाम्या पिशव्या. पण ऊब म्हातारीच्या अंगातही असते हो. मुंगी कान लावून पडायची, मी जागची हलायचे नाही. संडासाच्या भिंतीला टेकून एक मोडकं स्टूल होतं, तेवढीच काय ती जागा. पाठीला ओल आणि नाकाला तो वास.

आणि बरोब्बर समोर ती खोली! दारावर रंगीत पाटी: 'कांगारू कक्ष'. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, वा रे वा, माणसांना खाट नाही आणि कांगारूंना खोली. दाराच्या काचेतून आत पाहिलं तर सहा खुर्च्या. मागे रेलता येईल अशा, पाय ठेवायला फळी, फिकट गुलाबी कापड, आणि वरून प्लास्टिक. दुकानातून आल्या तशा. दाराला कुलूप.

मी मोठ्या सिस्टरला विचारलं. मोठी सिस्टर म्हणजे वॉर्डाची मुख्य, कडक इस्त्रीची, किल्ल्यांचा जुडगा कमरेला.

"सिस्टर, जरा त्या खोलीत बसू का? पाठ मोडून आली."

"आजी, ती खोली पाहुण्यांसाठी आहे."

"का हो, पाहुण्यांची बाळंतपणं दिवस भरायच्या आधीच झालीत का?"

तिला ते झोंबलं. "खुर्च्या खराब होतात. बायका दूध सांडतात, बाळं शी-शू करतात. आधी इन्स्पेक्शन होऊ दे, मग बघू."

म्हणजे ज्यांच्यासाठी खुर्च्या आणल्या, त्यांचं अंग लागलं की त्या खराब होणार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मुंगी छातीवर होती. मोठ्याने ओरडले असते तर दचकली असती. स्टुलावर परत जाऊन बसले.

मग एक दिवस सकाळी सकाळी धावपळ सुरू झाली. इन्स्पेक्शनचे पाहुणे येणार होते. दवाखान्याला कसलासा उत्तम बालसेवेचा शिक्का मिळणार की नाही, ते त्यांच्या हातात. आयांनी फिनेलच्या बादल्या ओतल्या. घाण काढली नाही, नुसतं तिच्यावर फिनेल ओतलं. मग दोन्हींचा मिळून असा काही वास सुटला की डोळ्यांतून पाणी आलं. तो वास जावा म्हणून खिडक्या सताड उघडल्या आणि पंखे फुल्ल सोडले. उघडी बाळं आणि वर गरगर पंखे. बोक्याला पोत्यात घालून नेलं. संडासाला बाहेरून कुलूप ठोकलं. पाहुणे जाईपर्यंत बायकांनी काय करायचं, हे विचारायचं नाही.

मग टोप्या वाटल्या. नव्या कोऱ्या, लोकरीच्या, सगळ्या एका रंगाच्या. मी म्हटलं, चला, काहीतरी दिलं. तर आया म्हणाली, "जपून हां, पाहुणे गेले की परत घ्यायच्यात."

आणि मग मोठी सिस्टर आली. "नातेवाईक सगळे बाहेर. एका खाटेवर एकच बाई दिसली पाहिजे. बाकीच्यांनी मागच्या व्हरांड्यात जायचं."

"सिस्टर, हिच्या आईला ताप आहे. बाळ मलाच धरावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हटलं.

"आईचं बाळ आईजवळ. थोड्या वेळाचा प्रश्न आहे, आजी. सगळ्यांना नियम सारखा."

तिने माझ्या शालीत हात घालून मुंगीला काढलं. हो, काढलं. चिकटलेलं पाकीट सोडवावं तसं. कपड्यात गुंडाळून सुनेच्या हातात दिलं, आणि वॉचमनने मला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं. आयुष्यभर मी लोकांना बसमधून उतरवलं, मला कुणी उतरवलं नव्हतं.

फाटकाबाहेर मुलगा उभा होताच. तेवढ्यात गाड्या आल्या. त्यातून सात-आठ बाप्ये उतरले, बूट करकर वाजवत, हातात फुलांचे गुच्छ घेऊन. वॉचमनने सलाम ठोकला आणि फाटक उघडलं.

"आई, यांचे जंतू?" मुलगा म्हणाला.

मी तडक निघाले. दवाखान्याला वळसा घातला. चादरी धुतात तिकडे मागचं दार असतं, ते मला माहीत झालं होतं. तिथल्या बाईला म्हटलं, "माझी नात आत आहे." तिने नुसतं तोंड फिरवलं. मी शिरले.

मागच्या व्हरांड्यात पाय घसरला. सगळीकडे धुण्याचं पाणी. ओल्या चादरी दोरीवर फडफडत होत्या आणि वारा थेट त्यांच्यातून येत होता. बायका बाळं घेऊन भिंतीशी अंग चोरून बसल्या होत्या, परवा बाळंत झालेल्या, काल बाळंत झालेल्या. नको असलेलं सामान मागे टाकतात तशा टाकलेल्या. सुनेच्या खाटेवरची तिची जोडीदारीण, कुरळी म्हणायचे मी तिला, तीही होती. तिचंही बाळ अपुऱ्या दिवसांचं.

सून बाकावर कुडकुडत पडली होती. दातावर दात आपटत होते. मुंगी तिच्या कुशीशेजारी ठेवलेली, गुंडाळलेलं कापड खालून ओलं. मुंगीचं नाही, बाकाचं पाणी.

"आई, माझे हात थरथरतायत हो," सून म्हणाली, "पडेल म्हणून छातीवर घेतलं नाही. दूध पण घेत नाहीये ती. लंगोट सकाळपासून कोरडा आहे."

मी मुंगीचा तळपाय धरला. गार! नळाच्या पाण्यासारखा गार. ओठांना निळसर छटा. मी तिला हलवलं तर तिने डोळेसुद्धा किलकिले केले नाहीत.

"वॉर्मर कुठाय? चालू होता तो?"

"त्या खोलीत नेला," कुरळी म्हणाली, "दाखवायला."

"आणि त्यातली बाळं?"

तिने मानेने शेजारच्या बायकांकडे खूण केली. त्यांच्या मांडीवर होती.

मी मुंगीला उचललं आणि चालू लागले. पळताही येईना, फरशीवर फिनेल. आया आडवी आली. "आजी, कुठे? पाहुणे आहेत आत!" मी तिला खांद्याने बाजूला केलं. भरल्या बसमध्ये हेच तर केलं मी जन्मभर.

कांगारू कक्षाचं दार सताड उघडं. आत तो सगळा लवाजमा. एकाच खुर्चीचं प्लास्टिक काढलं होतं आणि तिच्यावर कोण बसली होती? शिकाऊ नर्स! लिपस्टिक लावलेली, स्वच्छ गाऊन, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. आणि त्या बंद गाऊनवर ठेवलेलं बाळ? गुटगुटीत, पूर्ण दिवसांचं, गालांना खळ्या. दुसऱ्या वॉर्डातून उसनं आणलं होतं. आमची बाळं दाखवण्यासारखी नव्हती ना, नुसती हाडं. ते गुटगुटीत पोर आपलं तोंड घासत गाऊनवर दूध शोधत होतं, सापडेना म्हणून टाहो फोडत होतं, आणि शिकाऊ नर्स हसरा चेहरा ठेवून फोटो काढून घेत होती. दवाखान्याचे मोठे साहेब बोलत होते, "अशी ऊब, सर, आम्ही प्रत्येक अपुऱ्या दिवसांच्या बाळाला देतो." आणि चालू वॉर्मर कोपऱ्यात, रिकामा, लाल दिवा लावून, कुणालाच ऊब देत नव्हता.

इतकी शिसारी मला जन्मात आली नव्हती. संडासातल्या त्या पाण्याचीसुद्धा नाही.

मी सरळ आत शिरले. पहिल्या खुर्चीवर बसले. पाठीला प्लास्टिक गार लागलं, म्हणून उठले आणि टराटरा फाडून टाकलं. पुन्हा बसले. ब्लाउजची बटणं काढली, एकूण एक. मुंगीचं ओलं कापड जमिनीवर फेकलं आणि तिला छातीवर घेतलं. बर्फाचा खडा ठेवल्यासारखी वाटली. बाप्यांनी माना वळवल्या. एकाने गुच्छ तोंडासमोर धरला.

मोठी सिस्टर पांढरीफटक. मोठ्या साहेबांची बोलती बंद. मी म्हटलं, आता हाकला मला, बघतेच.

पण पाहुण्यांचा मुख्य, तो टायवाला, माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा खुलला. खरंच खुलला! म्हणाला, "अरे वा! आजीसुद्धा? कुटुंबालाही सामील करून घेता तुम्ही?"

आणि मोठ्या साहेबांनी, पापणी न लववता, "हो हो, सर. आजींना आम्ही खास शिकवतो. आमची कल्पना आहे ती."

टाळ्या वाजल्या. देवाशपथ, टाळ्या वाजल्या. माझी नात छातीवर गारठून पडलेली आणि हे टाळ्या वाजवतायत. टायवाल्याने वाकून मला विचारलं, "आजी, इथे सगळं व्यवस्थित मिळतं ना?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "मिळतंय, दिसतंच आहे." मी त्याच्या तोंडावर थुंकले असते. तोंडाला कोरड पडली होती म्हणून वाचला.

तेवढ्यात बारकी डॉक्टरांच्या ओळीतून पुढे आली. इतका वेळ ती खाली मान घालून उभी होती, तिचाही राग आला होता मला. तिने कुणाकडे न बघता वॉर्मर सरकवत माझ्या खुर्चीशी आणला, त्याचा दिवा आमच्यावर वळवला, मुंगीच्या पाठीवरून शाल घातली आणि बोटाने तिच्या पाठीवर चोळत राहिली. हळूच म्हणाली, "आजी, उठू नका. हे पाहुणे असेपर्यंत तुम्हाला कुणी उठवू शकत नाही."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खरंच की! नाटक यांचं, मग माझीही एन्ट्री त्यातच धरली गेली होती. मी गळा साफ केला आणि माझा जुना आवाज लावला, तो शेवटच्या सीटपर्यंत जायचा.

"चला गं, आत या सगळ्या! आत जागा आहे! दारात थांबू नका, पुढे सरका!"

व्हरांडा शेजारीच होता. पहिल्यांदा कुरळीचं डोकं दिसलं. तिने आधी मोठ्या सिस्टरकडे पाहिलं. मोठी सिस्टर पाहुण्यांकडे बघून हसली. कसं हसली ते तिचं तिला माहीत. मग कुरळी आत आली, पाठोपाठ सुनेला धरून दोघी जणी, मग बाकीच्या. ओल्या पायांनी, डागांच्या गाऊननी. एकेक खुर्ची भरली, उरलेल्या खाली बसल्या. प्लास्टिकं टराटरा फाटली. बटणं निघाली. टायवाल्याने आणखी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "हे असं चित्र कुठेच पाहिलं नव्हतं." ते मात्र खरं होतं.

शिकाऊ नर्सला रडू फुटलं. ती उसनं बाळ घेऊन पळाली, त्याच्या आईकडे गेली असेल.

पाहुणे गेले. दवाखान्याला शिक्का मिळणार म्हणून मोठे साहेब त्यांच्या मागोमाग धावले. बूट लांब जाईपर्यंत मोठी सिस्टर दारात उभी राहिली आणि मग वळली. चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे.

"झालं ना? उठा आता. टोप्या द्या इकडे. खोली बंद करायचीय."

आणि सांगायला लाज वाटते, पण बायका उठू लागल्या. सवय हो. कुणी वर आवाज केला की उठायचं, हीच सवय. आया बाळांच्या डोक्यावरून टोप्या काढू लागली. कुरळी खुर्चीच्या हाताला धरून अर्धवट उभी राहिली.

मी हलले नाही. मुंगीचा तळपाय माझ्या मुठीत होता. आता गार नव्हता, पण ती अजून निपचित होती. बारकी सुनेला इंजेक्शन देत होती, तिथूनच माझ्याकडे बघत होती. तिला काय विचारायचं होतं ते मला कळत होतं. मी लंगोट चाचपला, अजून कोरडाच.

"आजी, तुम्हाला वेगळं सांगायला हवं का?" मोठी सिस्टर माझ्यापर्यंत आली. किल्ली हातातच होती.

आणि तेव्हा मला जाणवलं. पोटावर काहीतरी गरम. आधी वाटलं, भास. मग ते बेंबीपर्यंत आलं, कुशीवरून खाली उतरलं आणि खुर्चीच्या त्या फिकट गुलाबी कापडावर ठिबकलं. चमचाभर असेल. पण गरम, छान गरम! पाठोपाठ मुंगीने तोंड वेडंवाकडं केलं आणि मांजराच्या पिलासारखा आवाज काढला.

मोठी सिस्टर किंचाळली. "अहो, खुर्ची! नवी कोरी खुर्ची! घाण केलीत शेवटी!"

"बारके!" मी हाक मारली. समोर तिला मी कधी बारकी म्हटलं नव्हतं. "बारके, लंगोट ओला झाला गं! मुंगीला लघवी झाली!"

ती सुई तशीच ट्रेमध्ये टाकून धावत आली. तिने मुंगीचे दोन्ही तळपाय हातात घेतले, मग गालाला लावून पाहिले, आणि तिथेच जमिनीवर मटकन बसली. सून लाकडासारखी ताठ झाली होती, ती हमसून रडायला लागली. मलाही आवरेना. पोटावर ती ओल, आणि त्या दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच मला कशाची किळस आली नाही.

मी डोळे पुसले आणि मोठ्या सिस्टरला म्हटलं, "खुर्च्या खराब होतात म्हणून कुलूप होतं ना, सिस्टर? घ्या, ही झाली खराब. बाकीच्या पण होतील संध्याकाळपर्यंत. आता कुलूप कशासाठी लावताय?"

ती डागाकडे बघत राहिली. किल्ली हातात तशीच.

आयाने कुरळीच्या बाळाची टोपी काढली होती, ती तिने मुकाट्याने परत त्याच्या डोक्यावर चढवली. आणि कुरळी, अर्धवट उठलेली, पुन्हा खुर्चीत बसली.